सारस बघायला या, पण बांधीत उतरू नका (गोंदिया-भंडारा)

धानपट्टा

नमस्कार मंडळी. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेलच.

यंदा रोवणं (धानाची लावणी) आटोपल्यावर शेजारच्या काकांच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, सारसाच्या जोडीने घरटं केलं. काकांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पण कोणीतरी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) व्हिडिओ काढला, तो एका गटातून दुसऱ्या गटात फिरला आणि पुढच्या रविवारी रस्त्याच्या कडेला गाड्या लागल्या. आलेली माणसं वाईट नव्हती. बायका-पोरं घेऊन, कौतुकानेच आली होती. पण धुऱ्यावरून बघून समाधान होत नाही. एक जण बांधीत उतरला की त्याच्यामागे चार उतरतात. नुकतं मूळ धरलेलं धान चिखलात तुडवलं गेलं. अंड्यांवर बसलेला पक्षी उठून दूर जाऊन उभा राहिला आणि माणसं जाईपर्यंत परत आलाच नाही. तेवढा वेळ अंडी उघडी, आणि वर कावळे.

ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बांधीच्या मधोमध पाण्यात धानाच्या काड्या, देवधानाचे (रानटी भाताचे) ताटवे, गवत असं ओढून आणून ही जोडी ढीग रचते. त्यासाठी भोवतालचे धानाचे चूड उपटते, म्हणून घरट्याभोवती पाण्याचं मोकळं वर्तुळ दिसतं. वर अंडी बहुधा दोनच. नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. पिल्लू एक-दोन दिवसांत आईबापांच्या मागे चालायला लागतं, पण उडायला त्याला तीनेक महिने लागतात. म्हणजे रोवण्यापासून कापणीपर्यंत सगळा संसार आमच्याच शेतात.

महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः आमच्या जिल्ह्यात, थोडे भंडाऱ्यात. गेल्या काही वर्षांच्या गणनेत जिल्ह्याचा आकडा पन्नाशीच्या आतच राहिला आहे. अशा वेळी एक घरटं फुकट जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

लोकांनी बघायला येऊच नये असं माझं म्हणणं नाही. माणसाने पक्षी पाहिला तरच त्याला त्याचं काही वाटेल. पण बघण्याची काही रीत गावाला घालून देता येईल का? अभयारण्यात फाटक असतं, चौकी असते. इथे शेत खाजगी, तलाव सरकारी, पक्षी सगळ्यांचा. दुसरीकडे कोणी काही केलं असेल तर सांगा.

अडई_नागपूर

भाऊ, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी हिवाळ्यात गोंदियाला येत असतो. माझ्या मते पहिली रीत ही की घरट्याचा फोटो, व्हिडिओ आणि ठिकाण पिल्लू उडेपर्यंत कुठेच टाकायचं नाही. अगदी 'फक्त पक्षीमित्रांच्या' गटातही नाही. तिथूनच पुढे जातं.

दुसरं, सारस बघायला पावसाळ्यातच यायला हवं असं काही नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी या. परसवाडा, झिलमिली या तलावांच्या पाळीवरून (बांधावरून) सकाळी धुकं विरळ झालं की सारस दिसण्याची चांगली शक्यता असते. शिवाय पाण्यावर लालसरी, थापट्या, सरगे, अडई असतात ते वेगळंच. तेव्हा घरटं नसतं, पिल्लू मोठं झालेलं असतं, धान घरी गेलेलं असतं. कोणाचं नुकसान नाही. माणसाएवढा उंच पक्षी आहे, चांगली दुर्बीण असेल तर दोनशे मीटरवरून त्याच्या डोक्याची लाल कातडीसुद्धा स्पष्ट दिसते. मान वर करून जोडीने साद घातली की ती पाळीच्या पार पलीकडे ऐकू जाते. जवळ जायची गरजच पडत नाही.

पक्षी मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागला, चरणं थांबवलं, की तिथेच थांबायचं आणि चार पावलं मागे यायचं. त्याने आपल्याला सांगून झालेलं असतं.

वाघनदी

आमाले सारस नवीन नाही जी. माह्या आज्याच्या काळापासून बांधीत येते. जोडी फोडू नये, मारू नये, हे घरात शिकवलं हाय. एक मेला तर दुसरा झुरते म्हणतेत.

पण शहरातले लोक एक गोष्ट इसरतेत. सारस जेवढं धान उपटते त्याचं काही वाटत नाही. घरट्यापुरती जागा जाते, जाऊ द्या. पण माणसं जे तुडवतेत त्याची मजुरी कोण देईल? रोवणीले बायांची मजुरी, टॅक्टरचं भाडं, सारं उसनं करून लावतो आमी. त्यात कोणी बूट घालून बांधीत उतरला तर शेतकऱ्याले राग येईलच. आन् मंग त्याचा राग पक्ष्यावर निघते. पुढच्या साली जोडी आली की तो पह्यलेच हाकलून देईल. तसं झालं तर काय करसान?

धानपट्टा

वाघनदी भाऊ, अगदी मनातलं बोललात. काका हेच म्हणत होते: "सारसाले मी हाकलणार नाही, पण लोकाईले कोण हाकलंल?"

तुमसरची_लेक

मी मूळची तुमसरची, सध्या अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात असते. आमच्यापासून काही तासांवर शिंकोटीग नावाचं वन्यजीव आश्रयस्थान आहे. तिथे आम्ही वरचेवर जातो. तिकडची आणि आपल्या धानाच्या पट्ट्याची जमीन अगदी वेगळी, पण धानपट्टा दादांचा प्रश्न वाचून तिथलं बरंच आठवलं. लांब होईल, सांभाळून घ्या.

ते ज्या बेटावर आहे ते असाटीग हे किनाऱ्याला समांतर पसरलेलं वाळूचं बेट आहे, साधारण साठ किलोमीटर लांब आणि अरुंद. पुढे अटलांटिक, मागे उथळ खाडी. समुद्राचा मार हे बेट स्वतःवर झेलतं म्हणून मागची खाडी आणि दलदल शांत राहते. अशी बेटं जागची हलतात. वादळात लाटा बेटावरून पलीकडे जातात, पुढची वाळू मागे नेऊन टाकतात आणि सगळं बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकतं. तिथलं पोहण्याच्या किनाऱ्याजवळचं वाहनतळ कितीदा तरी वाळूखाली गेलं आणि पुन्हा करावं लागलं. शेवटी २०१५ च्या आराखड्यात हा किनाराच उत्तरेला दीडेक मैल हलवायचं ठरलं. समुद्राशी भांडून जागा धरून ठेवण्यापेक्षा आपणच सरकायचं, हे मला फार पटलं.

या बेटाच्या व्हर्जिनियातल्या भागात १९४३ साली आश्रयस्थान झालं, मुख्यतः स्थलांतर करणाऱ्या हिमहंसांसाठी. जमिनीचे पैसे आले ते बदकांच्या तिकिटातून. तिकडे पाणपक्ष्यांची शिकार करायची तर दरवर्षी सरकारी तिकीट घ्यावं लागतं आणि तो पैसा पाणथळ जागा विकत घेण्यासाठीच जातो. १९३४ पासून ही पद्धत आहे. शिकार न करणारे पक्षीप्रेमीही ते तिकीट हौसेने घेतात.

आता बघण्याची रीत. तिथे वर्षाकाठी दहा लाखांहून जास्त माणसं येतात. सगळ्यांना येऊ देतात, पण सगळीकडे नाही आणि सगळ्या वेळी नाही. बेटाच्या दक्षिण टोकाचा आकड्यासारखा वळलेला वाळूचा भाग १५ मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद. कारण पायपिंग प्लोव्हर हा मुठीएवढा, वाळूच्याच रंगाचा पक्षी उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो. अंडी इतकी वाळूसारखी की माणूस त्यांच्यावर पाय देऊन पुढे जाईल आणि त्याला कळणारही नाही. १९८६ पासून हा पक्षी तिथल्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. ऐन उन्हाळी सुट्टीत किनाऱ्याचा एवढा तुकडा बंद ठेवल्यावर सुरुवातीला कुरकुर होतेच. पण फलकावर कारण लिहिलेलं असतं, तारीख लिहिलेली असते, आणि शेजारचा किनारा उघडा असतो. लोक ऐकतात.

आणखी एक नियम आहे, तो आपल्याकडे लगेच लागू करण्यासारखा वाटतो. कुत्रा आणायचा नाही. गाडीच्या काचा बंद करून आत बसवून ठेवीन म्हणालात तरी नाही. तसंच पाणपक्ष्यांच्या तळ्याभोवती एक गोल रस्ता आहे, तिथे पायी आणि सायकलवाल्यांना दिवसभर मोकळीक, मोटारींना मात्र दुपारी तीननंतरच प्रवेश.

आणि ती तळी! ती तर माणसांनीच बांध घालून केलेली आहेत, गोड्या पाण्याची. शरद ऋतूत बदकं यायच्या सुमाराला त्यांत पाणी भरू देतात, वसंतात चिखल उघडा पडेल इतकं उतरवतात, म्हणजे चिखलात चोच घालून किडे खाणाऱ्या पक्ष्यांची सोय होते. पहिल्यांदा तो बांध पाहिला तेव्हा मला आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळच आठवली.

तलावपाळ

ताई, शेवटच्या मुद्द्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी ढिवर समाजाचा, आमची मच्छीमार सोसायटी आहे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. तुमच्या तिथे पाणी कधी किती ठेवायचं ते पक्षी बघून ठरवतात. आपल्याकडे तलावात पाणी किती राहील ते धान, मासे आणि आता उन्हाळी पीक ठरवतं. पक्ष्याला कोणी विचारत नाही. पण विचारलं तर सगळ्यांचंच भागतं, हे माझं अनुभवाने झालेलं मत आहे.

आपल्या पूर्व विदर्भात हे हजारो तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळींचा म्हणतात, सात बहिणी डोंगरांच्या कुशीतला. त्याच्या मधे मालडोंगरीचं बेट आहे, म्हणजे बेटाचा विषय आपल्यालाही परका नाही. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले आणि पाळीची, सांडव्याची दरसालची डागडुजी करणारा धनी राहिला नाही. गाळ साचला. काठाला बेशरम माजलं. ही झुडपं मूळ अमेरिकेतली, जनावर तोंड लावत नाही, आणि एकदा काठ धरला की देवधानाला जागा उरत नाही. त्याच देवधानात सारस घरटं करायचा. तलावाचा काठ गेला म्हणून तो बांधीत आला, असं आमच्यातली जुनी माणसं सांगतात.

त्यात भर म्हणून वरून आलेल्या योजनांमधून काही तलावांत ग्रास कार्प हा मासा सोडला गेला. तो पाण्यातली वनस्पती खातो. वनस्पती गेली की मरळीसारख्या आपल्या माशांना अंडी घालायला, पिल्लं लपवायला आडोसा नाही. बदकांना चारा नाही. आमच्या जाळ्यात कमी, आकाशात कमी.

पण आमच्या तालुक्यात ढिवर समाजाच्या बायकांनी उलटं काम करून दाखवलं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेशरम मुळासकट उपटायचं (नुसतं कापलं तर दुप्पट फुटतं), उथळ भागात नांगर फिरवायचा आणि दुसऱ्या चांगल्या तलावातून चिला, चौरा या पाणवनस्पती आणि देवधान आणून लावायचं. कंबरभर पाण्यात उभं राहून, धानासारखंच रोवायचं. त्या तलावांत देशी मासळी परत आली, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी आली. 

म्हणून माझं म्हणणं असं. बघणाऱ्यांची रीत जरूर घाला. पण सारसाला बांधीबाहेर हक्काची जागा परत करून दिली नाही, तर दर पावसाळ्यात हाच तंटा होणार.

धानपट्टा

तलावपाळ दादा, हे मला इतक्या स्पष्टपणे कोणी सांगितलं नव्हतं. एक शंका. उन्हाळी धानासाठी तलाव पार तळाला जातो, त्याचं काय? आमच्याकडे त्यावरूनच भांडणं होतात.

तलावपाळ

पार तळाला जाऊ द्यायचा नाही. आमच्या सोसायटीने पाणी वापरणाऱ्यांशी बोलून ठरवलं आहे की खोलगट भागातलं पाणी सोडायचंच नाही. बीजाचे मासे जगतात, जनावरांना पाणी मिळतं. उन्हाळ्यात उरलेल्या पाण्यावरच सारस गोळा होतात. म्हणून तर 'सेवा' नावाची संस्था, वनविभाग आणि गावोगावचे सारसमित्र जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी पहाटे गणना करतात. त्या दिवसांत जिथे पाणी तिथे पक्षी.

पांदण_रस्ता

सगळ्यांचं वाचलं. मी थोडं वेगळं बोलतो. आमच्या भागातली पोरं पुण्याला, हैदराबादला कामाला जातात. सारस बघायला माणसं येतात तर चार घरांत निवासाची सोय होईल, दोन पोरं वाटाडे होतील, चहा-पोह्याचं दुकान चालेल. बंदी, बंदी करत बसलो तर हा रोजगार जाईल. नवेगाव-नागझिऱ्याला २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, तिथे जिप्सीवाल्यांची घरं चालतात. आमच्या तलावांनी काय वाईट केलं?

अडई_नागपूर

वाईट काहीच नाही, माझा पाठिंबा आहे. पण वाघ जंगलात आहे, त्याला लपायला जागा आहे. सारस उघड्या बांधीत सगळ्यांसमोर बसतो. तेव्हा पावसाळ्यात वाटाडे नकोत, नोव्हेंबरनंतर हवेत. आणि पहिला पैसा ज्याच्या शेतात घरटं होतं त्या शेतकऱ्याला मिळायला हवा. हे झालं तर वाघनदी भाऊंनी सांगितलेली भीती राहणार नाही. घरटं आलं म्हणजे घरात चार पैसे आले असं झालं, तर त्याच्यापेक्षा चांगला राखणदार कोण?

वाघनदी

हे पटलं. असं असंल तर मी सोता राखण करीन. उलट शेजाऱ्यालेही सांगीन का तुह्या बांधीत येऊ दे.

साकोली_गुरुजी

शाळेत आहे म्हणून मुलांच्या बाजूने दोन शब्द. आमच्या मुलांना सारसाचं चित्र पुस्तकात दिसतं, पक्षी मात्र त्यांच्या काकाच्या शेतात असतो. हे दोन्ही जोडायला हवं. हिवाळ्यात मुलांना पाळीवर न्यावं, दुर्बीण हातात द्यावी, कोणता पक्षी किती दिसला याची वही करायला लावावी. आपल्या वहीत ज्याचं नाव लिहिलं त्या पक्ष्याला मूल गलोल मारत नाही, हे मी वर्गात पाहिलं आहे.

शिवाय दोन धोके अजून कोणी मांडले नाहीत. एक, वीजतारा. एवढा मोठा, जड पक्षी वेळेवर वळू शकत नाही, संध्याकाळी उतरताना तारेला धडकतो आणि मरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसाचा विषय स्वतःहून जनहित याचिका म्हणून घेतला, त्यात तारांचा प्रश्नही आला. गावातल्या गावात करण्यासारखं म्हणजे घरट्याजवळून आणि सारस रात्री उतरतात त्या तलावावरून कोणती तार जाते त्याची नोंद करून ग्रामसभेच्या ठरावासह वीज कार्यालयात आणि वनविभागात देणं. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

दुसरा धोका फवारणीचा. तुडतुडा आला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकावर एक औषधं मारली जातात, नेमकी पिल्लू बांधीत किडे आणि बेडूक खात फिरत असतं तेव्हा. ज्या बांधीत पिल्लू आहे तेवढी तरी सोडावी, आणि तिथलं नुकसान गावाने भरून द्यावं. एका बांधीचं नुकसान गावाला जड नाही.

तुमसरची_लेक

गुरुजी, वहीची कल्पना फार आवडली. फलकाबद्दल एक सुचवू का? तिथल्या फलकांवर 'प्रवेश निषिद्ध' एवढंच नसतं. कोणता पक्षी, कधीपासून कधीपर्यंत, आणि त्याऐवजी कुठून बघा, हे तिन्ही असतं. आपल्या फलकावर गावाचं किंवा शेताचं नाव नको, पण 'जुलै ते ऑक्टोबर बांधीत उतरू नये, पाळीवरून बघावे, कुत्रे आणू नये' एवढं तरी लिहावं. फलक शेताजवळ न लावता गावात शिरताना, चौकात लावा, नाहीतर तोच घरट्याचा पत्ता सांगेल.

पांदण_रस्ता

फलक रंगवायचं काम माझ्याकडे. आमच्या चौकात भिंत आहे, रंगही पडून आहे.

धानपट्टा

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी काका, पोलीस पाटील आणि आमच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष यांच्याशी बोललो. जे ठरलं ते लिहितो.

कापणी होईपर्यंत त्या बांधीकडे बाहेरचा कोणी जाणार नाही. रविवारी गावातली दोन पोरं पांदणीच्या तोंडाशी बसतील आणि आलेल्यांना तलावाच्या पाळीवर पाठवतील. काकांच्या त्या बांधीत फवारणी होणार नाही, गादमाशी-तुडतुड्याने काही गेलं तर वर्गणी काढून भरून देऊ. काका वर्गणीला नको म्हणाले, पण आम्ही काढणार. गावातली मोकाट कुत्री हा मात्र अवघड प्रश्न आहे, त्यावर अजून काही सुचलेलं नाही.

बेशरम काढण्याचं उन्हाळ्यात करायचं ठरलं. तलावपाळ दादा, चिला आणि देवधान तुमच्याकडच्या तलावातून मिळेल का? आणायचं कसं, किती दिवस टिकतं, कधी लावायचं, सविस्तर सांगा. तारांची नोंद गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे करतोय, पुढच्या ग्रामसभेत ठराव ठेवू.

पिल्लू एकच निघालं आहे. ते आता बांधीतून बांधीत आईबापांच्या मागे फिरतंय.

तलावपाळ

मिळेल. चिला ओल्या पोत्यात गुंडाळून सकाळी काढला की संध्याकाळपर्यंत लावायचाच, रात्र गेली की कुजतो. देवधानाचं बी झडायच्या आत गोळा करावं लागतं, म्हणून उन्हाळ्याची वाट बघू नका. दिवाळीच्या आसपास दोन माणसं इकडे पाठवा, कोणत्या तलावात चांगलं आहे ते आमच्या बायका दाखवतील. त्यांची दिवसाची मजुरी मात्र द्यावी लागेल.

धानपट्टा

मजुरी देऊ, आणि जेवण आमच्याकडे. मी स्वतः येतो, सोबत वाघनदी भाऊ येतात का बघा.

वाघनदी

येतो ना जी. धान कापून झालं का फोन करा, माह्या गाडीनं जाऊ.